अजुरा, अफू आणि पाच किलोमीटर : खानदेशातील धावेचा न्याय

लांब पल्ल्याचे धावणे हा खानदेशात खेळ ठरण्यापूर्वी कित्येक पिढ्या पोटाचा धंदा होता, आणि धंदा म्हटला की मजुरी, मुदत आणि लबाडी या तिन्हींचा हिशेब ओघाने येतो. धावण्यातील न्यायाची आजची चर्चा बहुतांशी उत्तेजक द्रव्ये आणि त्यांवरील बंदी यांच्याभोवती फिरत असली, तरी ही बंदी तुलनेने नवी आहे; तिच्या आधी धावणाऱ्यावर घातलेली जुनी बंदी औषधाची नव्हती, पैशाची होती, आणि त्याहीआधी धावणाऱ्याकडून एवढेच अपेक्षित असे की त्याने ठरल्या दिवशी पोचावे. तापीच्या खोऱ्यातील या प्रदेशात या तिन्ही अवस्थांच्या खुणा सापडतात, कारण उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांना जोडणाऱ्या दोन मोठ्या वाटा याच प्रदेशातून जात : एक बऱ्हाणपूरहून तापीकाठ सोडून अजिंठ्याच्या डोंगराकडे व तेथून औरंगाबादेस, आणि दुसरी सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळे, मालेगावमार्गे नाशिककडे.

या वाटांवरून पत्रे नेणाऱ्या माणसांना मराठी कागदपत्रांत जासूद, कासीद आणि हरकारा अशी नावे आढळतात. ही तिन्ही नावे एकाच अर्थाची नाहीत. जासूद हा दरबारचा नोकर असून पत्राबरोबर बातमीही आणी, तर कासीद हा पुष्कळदा ठराविक कामासाठी भाड्याने धरलेला असे. या भाड्याला अजुरा आणि ते घेणाऱ्याला अजुरदार म्हणत, आणि वाटेत एकाला ताप आला, चोरांनी गाठले किंवा नदीला पूर आला तरी पत्र पोचावे म्हणून बहुधा दोघांची जोडी पाठवीत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड पानिपतकालीन पत्रव्यवहाराचा आहे, आणि त्या काळचे सारे राजकारण कासिदाच्या पायांच्या गतीवर किती अवलंबून होते हे असा पत्रव्यवहार वाचताना पदोपदी जाणवते. राजवाड्यांचे निधन १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच झाले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले, त्यामुळे धावणाऱ्यांनी वाहिलेल्या कागदांचा मोठा ठेवा धावणाऱ्यांच्याच वाटेवरील गावात येऊन विसावला, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

धंद्याने धावणाऱ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही याच काळातील आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेल्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली ती सरकारी जासुदाकडून नव्हे, तर सावकारांच्या एका कासिदाकडून, असे ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात सांगितले आहे. आणि तो कासीद पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोचण्याच्या करारावर निघालेला होता, असेही तो नमूद करतो. ही दोन गावे सरळ रेषेत मोजली तरी एकमेकांपासून हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहेत, म्हणजे वाटेची वळणे सोडून दिली तरी रोजची चाल एकशेवीस किलोमीटरांच्या घरात जाते. एकाच माणसाने एवढे अंतर सलग नऊ दिवस पायी तोडले असे मानणे अवघड असून, वाटेत माणसे बदलत असावीत किंवा काही टप्पे जनावराच्या पाठीवर होत असावेत असा तर्क करणे भाग पडते. मात्र सावकाराला त्याची फिकीर नव्हती. हुंडीचा भाव इतरांआधी कळण्यासाठी तो पैसे मोजत होता आणि मुदत पाळली गेली की त्याच्या दृष्टीने धाव खरी ठरत होती. कासीद स्वतःच्या पायांनी आला की उंटाच्या, उपाशी आला की काही खाऊन, हा प्रश्न करारात उद्भवतच नव्हता.

ते ‘काही’ काय असे, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी औषधशास्त्राच्या ग्रंथांत मिळते. अफूच्या गुणधर्मांचे वर्णन करताना त्या ग्रंथकारांनी हिंदुस्थानातील हरकाऱ्यांचा दाखला दिला आहे, तो असा की अफूचा लहानसा खडा, तांदळाची पिशवी आणि पाणी काढण्याचे भांडे एवढे जवळ असले की हे लोक अविश्वसनीय वाटावेत असे पल्ले मारतात. हे वर्णन ऐकीव आणि काहीसे अतिरंजित असले तरी अशक्य नाही, कारण अफूने वेग वाढत नसला तरी भूक, पायांची ठणक आणि थकव्याची जाणीव बोथट होते, आणि दिवसभर एकाच लयीत चालणाऱ्या-धावणाऱ्याला वेगापेक्षा या तीन गोष्टी अधिक अडवितात. खानदेशाच्या उत्तरेला माळवा, म्हणजे त्या काळचे अफूचे कोठारच लागून होते, आणि माळव्याचा माल मुंबई बंदराकडे नेण्याच्या वाटांपैकी एक सेंधवा-धुळ्याची होती, त्यामुळे येथल्या वाटसरूला अफू दुर्मीळ नव्हती. पुढे अमेरिकी इंग्रजीत ज्या ‘डोप’ शब्दाचा प्रारंभीचा एक अर्थ ओढण्यासाठी आटवलेली अफू असा होता आणि जो घोड्यांच्या शर्यतींच्या बोलीतून खेळाच्या कायद्यात शिरला, त्या शब्दाचा मूळ पदार्थ अशा रीतीने खानदेशी रस्त्यावर आधीच हजर होता. आजच्या निषिद्ध यादीनुसार अफूतील मॉर्फिन केवळ स्पर्धाकाळात वर्ज्य आहे. म्हणजे त्या हरकाऱ्याला आजचा नियम लावला तर शर्यतीच्या दिवशी तो दोषी ठरेल आणि सरावाच्या दिवशी नाही.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि धावणाऱ्याचा मालक बदलला. डोंगरातील भिल्लांशी काही वर्षे चाललेल्या झटापटींनंतर १८२५ साली जेम्स औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली व तिचे ठाणे धरणगाव येथे झाले. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत पाठलाग करण्यासाठी घोड्यापेक्षा तेथल्या माणसाचे पाय उपयोगी, हा साधा हिशेब त्यामागे होता, आणि ज्या चपळाईमुळे हे लोक सरकारला त्रासदायक वाटत होते तीच चपळाई आता पगारावर घेतली गेली. दुसरीकडे मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या वाटांवर टपालाचे टप्पे बसले. टपाल धावक थोड्या कोसांचा आपला टप्पा धावून पिशवी पुढच्याच्या हाती देई. त्याच्या हातातील घुंगरू बांधलेल्या काठीचा आवाज हा वाट मोकळी करण्याचा इशाराही होता आणि जनावराला दूर ठेवण्याचा उपायही. १८६० च्या दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या मार्गाने आगगाडी आल्यावर मोठ्या पल्ल्याचे टपाल रुळांवर गेले, परंतु धुळ्याला रूळ पोचायला १९०० साल उजाडले, आणि स्थानकापासून खेड्यापर्यंतचे अंतर त्यानंतरही पायांनीच तुटत राहिले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, ज्यांना आज आपण जळगाव आणि धुळे म्हणून ओळखतो. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

ज्या काळात खानदेशात माणसे पगारावर धावत होती, त्याच काळात इंग्लंडमध्ये पगारावर धावणाऱ्याला मैदानाबाहेर काढण्याचे नियम तयार होत होते. तेथे अठराव्या शतकापासून पैजा लावून चालण्या-धावण्याच्या शर्यती लोकप्रिय होत्या. १८०९ साली कॅप्टन बार्कले याने हजार तासांत हजार मैल, दर तासाला एक मैल या हिशेबाने, चालून मोठी पैज जिंकली होती. या पैजेच्या दुनियेला कंटाळलेल्या उच्चभ्रू मंडळींनी १८६६ मध्ये हौशी मैदानी खेळाडूंचा क्लब स्थापन केला आणि हौशी कोण याची व्याख्या करताना कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना नावानिशी वगळले. १८८० साली स्थापन झालेल्या संघटनेने हे वर्गीय कलम काढले, पण पैशासाठी धावलेला माणूस कायमचा बाद, हे तत्त्व तसेच ठेवले. या व्याख्येने पाहता धुळ्याच्या रस्त्यावरील टपालवाला आणि धरणगावचा भिल्ल शिपाई हे जगातील उत्तम दमाच्या धावकांपैकी असूनही धंदेवाईक, म्हणून अशुद्ध ठरले असते. त्याच वेळी द्रव्यांविषयी मात्र कोणताही नियम नव्हता. १८७६ साली लंडनमधील दीर्घ पल्ल्याच्या चालण्यात एडवर्ड वेस्टन या अमेरिकी चालकाने कोकाची पाने चघळल्याचे उघड झाले, त्यावर वैद्यांत वाद झाला, पण त्याला बाद करण्याचे कलम कोणापाशी नव्हते. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत त्याच्या सोबत्यांनी अंड्याच्या पांढऱ्यातून स्ट्रिक्नीन, म्हणजे कुचल्यातील विष, आणि वर ब्रँडी पाजली होती. त्याचे पदक अबाधित राहिले, आणि त्याच्याआधी अंतिम रेषा गाठलेला धावक बाद झाला तो काही अंतर मोटारीतून आल्यामुळे. पैसा अपवित्र, विष चालेल आणि मोटार चालणार नाही, असा त्या काळचा न्याय होता.

महाराष्ट्र आधुनिक स्पर्धेत उतरला तो या न्यायाच्या चौकटीत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींत शेतकरी घरांतील तरुण अनवाणी, कोणत्याही शास्त्रीय शिक्षणाशिवाय, युरोपीय स्पर्धकांच्या जवळपासच्या वेळा देत असल्याचे दोराबजी टाटांच्या ध्यानात आले आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद अशी वेळ देऊन एकोणिसावा क्रमांक मिळविला; ती मॅरेथॉन नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरांपेक्षा सुमारे अर्धा किलोमीटर लांब होती, हे ध्यानात घेतले तर या वेळेचे मोल वाढते. आंतरराष्ट्रीय मैदानी संघटनेने १९२८ साली उत्तेजकांना मनाई करणारा नियम केला, पण तपासणीचे साधनच नसल्यामुळे तो कागदावर राहिला, आणि १९३२ मध्ये फिनलंडचा पाव्हो नुर्मी ऑलिंपिकला मुकला तो प्रवासखर्चात अधिक पैसे घेतल्याच्या ठपक्यामुळे. पैशावरील बंदी १९८२ नंतर टप्प्याटप्प्याने विरली. द्रव्यांवरील बंदी मात्र नेमकी त्याच सुमारास कडक होत गेली. दोन्ही गोष्टींचा संबंध उघड आहे : हौशीपणाचा सोवळेपणा गेल्यावर खेळाच्या शुद्धतेची खूण म्हणून दुसरे काहीतरी हवे होते, आणि जिंकण्यावर मोठी रक्कम लागल्यामुळे द्रव्य घेण्याचा मोहही वाढला होता.

लांब पल्ल्याच्या धावकाला सर्वाधिक उपयोगी द्रव्य स्नायूंचे नसून रक्ताचे असते. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक तांबड्या पेशींची निर्मिती वाढविते. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी १९८० च्या दशकाअखेर ते औषध म्हणून बाजारात आले, आणि तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो, हे धावकांच्या व प्रशिक्षकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. १९९० मध्ये त्यावर बंदी आली, पण ते ओळखण्याची चाचणी प्रथम वापरली गेली २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये. मधली दहा वर्षे नियम होता आणि पुरावा नव्हता. १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, स्थापन झाली, २००५ मध्ये भारताची नाडा आली आणि २०२२ मध्ये संसदेने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला. या व्यवस्थेचा कणा म्हणजे संपूर्ण उत्तरदायित्वाचे तत्त्व : शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की ते कसे आले, कोणी दिले, हेतू काय होता याची वाट न पाहता नियमभंग सिद्ध होतो, आणि हेतूचा विचार केवळ शिक्षा ठरविताना होतो. हे तत्त्व कठोर आहे. पण ते सोडले तर प्रत्येक धावक प्रशिक्षकाकडे, प्रशिक्षक वैद्याकडे आणि वैद्य औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवील, आणि एकही प्रकरण तडीस जाणार नाही.

या तत्त्वाची झळ खानदेशाच्या शेजारी लागली. जळगाव व धुळे ज्या महसुली विभागात येतात त्याचे मुख्य ठिकाण असलेल्या नाशिकने कविता राऊत हिच्यापासून लांब पल्ल्याच्या धावकांची परंपरा निर्माण केली आहे, आणि त्याच परंपरेतील संजीवनी जाधव हिच्या २०१८ च्या गुवाहाटी येथील आंतरराज्य स्पर्धेतील नमुन्यात प्रोबेनेसिड आढळले. हे मूळचे संधिवाताच्या एका प्रकारावरील औषध असून ते धाव वाढवीत नाही. मूत्रातून इतर पदार्थ बाहेर पडण्याची क्रिया ते मंदावते, म्हणून त्याची गणना लपवणाऱ्या द्रव्यांत होते. तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि त्या अवधीतील निकाल, २०१९ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील दहा हजार मीटरचे कांस्यपदक धरून, रद्द झाले; शिक्षा संपल्यावर ती पुन्हा मैदानात उतरली. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातील अर्धमॅरेथॉनमध्ये घेतलेल्या नमुन्यावरून महाराष्ट्राच्याच एका विशीतील धावपटूवर चार वर्षांची बंदी आली, आणि त्या वेळी सापडलेले ऑक्सॅन्ड्रोलोन हे सरळसरळ स्नायुवर्धक स्टेरॉइड होते. दोन प्रकरणांतील द्रव्ये वेगळी, शिक्षा वेगळ्या. समान गोष्ट एवढीच की कागदावर नाव उरते ते धावणाऱ्याचे. गोळी पुरविणारा, पुडीवर घटक न छापणारा, ‘याने काही होत नाही’ असे सांगणारा यांच्यासाठीही नियमावलीत कलमे आहेत, पण मूत्राचा नमुना त्यांच्या दारात जात नाही.

याचा अर्थ धावणारे निष्पाप असतात असा नाही. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २१४, म्हणजे ३.८ टक्के, सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्ली राज्य स्पर्धेत नाडाचे पथक आल्याची कुणकुण लागताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावक उरला, आणि अडथळ्यांच्या लांब शर्यतीतील एक कनिष्ठ स्पर्धक अंतिम रेषा ओलांडूनही थांबली नाही. नमुना घेणारी अधिकारी मागे आणि ती पुढे, अशी शर्यत संपल्यानंतरची शर्यत तेथे पाहायला मिळाली. हसू यावे असा हा प्रसंग आहे, परंतु राज्यस्तरावरचे एक प्रमाणपत्र खेळाडू कोट्यातील नोकरीचे दार उघडते, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की त्यातील हसू ओसरते.

खानदेशात तर नोकरीचा आणि धावण्याचा संबंध त्याहून थेट आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ऑलिंपिक नसते, भरती असते. त्यांच्या बोलीत ‘ग्राउंड’ म्हणजे मैदान नव्हे तर शारीरिक चाचणी, आणि ‘सोळाशे’ म्हणजे पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवारांना धावावे लागणारे सोळाशे मीटर. अलीकडच्या नियमांनुसार या चाचणीच्या पन्नास गुणांपैकी वीस त्या एका धावेचे असतात. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे, आणि त्या बलाच्या भरतीत शंभरपैकी पन्नास गुण पाच किलोमीटर धावण्याला दिलेले आहेत. निम्मे गुण एका लांब पल्ल्याच्या धावेवर ठरतात, आणि त्यावर आयुष्यभराचे वेतन ठरते. मॅरेथॉनमधील बक्षिसाची रक्कम घेणारे मोजके धावक धंदेवाईक म्हणवले जातात, पण खऱ्या अर्थाने पोटासाठी धावणारा समुदाय हाच आहे, आणि संख्येने तो कितीतरी मोठा आहे.

तरीही उत्तेजकविरोधी कायद्याची व्यवस्था ज्याला खेळाडू म्हणते त्यात हा उमेदवार बसत नाही, कारण भरतीची धाव ही क्रीडास्पर्धा नसून निवडपरीक्षा आहे. निषिद्ध यादी, दोन बाटल्यांत विभागलेला नमुना, दुसरी बाटली उघडण्याचा हक्क, अपील, वैद्यकीय कारणासाठीची सूट, हे सारे खेळाडूसाठी रचलेले आहे. परिणामी दोन्ही बाजूंनी उणीव राहते. इंजेक्शन टोचून धावणाऱ्यापासून प्रामाणिक उमेदवाराचे रक्षण करणारी सवयीची यंत्रणा तेथे नसते, आणि संशयावरून बाद होणाऱ्याला खेळाडूला मिळणारे बचावाचे हक्कही मिळत नाहीत. न्यायाची जी काळजी तेथे घेतली जाते ती वेळेची : छातीवरील क्रमांकाबरोबर दिलेली इलेक्ट्रॉनिक चकती, प्रत्येक फेरीची आपोआप होणारी नोंद, चित्रीकरण, एकाच्या जागी दुसऱ्याने धावू नये म्हणून ओळखीची पडताळणी. शेवटची ही दक्षता सावकारांच्या त्या कासिदाची आठवण करून देते, ज्याच्या नऊ दिवसांच्या कराराची नोंद इतिहासात राहिली, पण ते नऊ दिवस नेमके किती जणांच्या पायांनी पुरे झाले याची राहिली नाही.